भाड्याच्या घरात बुरशी, दर पावसाळ्यात तोच वाद: पाण्याचा माग कसा काढायचा आणि खर्च कोणाचा, कसं ठरवायचं

तक्रार साधारण अशी असते. दिवाळीनंतर घर बघितलं तेव्हा भिंती कोऱ्या करकरीत होत्या, ताजा रंग होता. करार ११ महिन्यांचा झाला. जुलै उजाडला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या चौकटीभोवती काळे-हिरवे ठिपके दिसायला लागले. गादीला कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी बुरशी, लहान मुलाचा खोकला थांबत नाही. मालकांना फोन केला की उत्तर येतं, "आधीच्या भाडेकरूंना कधी त्रास झाला नाही. तुम्ही खिडक्या उघडत नाही." घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, भिंतीवर रंगाचा आणखी एक हात बसतो आणि पुढच्या जुलैत नवा भाडेकरू त्याच मालकांना तोच फोन करतो.

मी ठाण्यातल्या एका सोसायटीची सचिव आहे. त्यामुळे या वादात भाडेकरूचा फोन मला येतो, मालकांचा येतो आणि वरच्या मजल्यावरच्यांचाही येतो. तिघंही पहिल्या मिनिटाला विचारतात, "खर्च कोण करणार?" पाणी नेमकं कुठून येतंय हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही. बुरशीला ओल लागते. ओलीचा उगम सापडला की जबाबदारी कोणाची हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. उगम न शोधता भांडत बसलं, तर भांडण करारासोबत दर वर्षी नवं होतं.

आधी बघा, ही बुरशीच आहे का

भिंतीवर पांढरी, पिठासारखी पूड सुटत असेल आणि बोटाने झाडली की खाली पडत असेल, तर तो लोणा आहे. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर पाणी शिंपडलं की ते विरघळतात. बुरशी विरघळत नाही, ती पसरते आणि तिला वास येतो. हा फरक कामाचा आहे, कारण लोणा दिसला म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय हे जवळपास नक्की. तुम्ही खिडकी उघडली की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पाण्याचा माग

पहिली खूण म्हणजे वेळ. डाग जोराच्या पावसानंतर काही तासांत गडद होतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीतल्या भेगेतून, खिडकीच्या कडेने किंवा गच्चीतून येतंय. मे महिन्यातही तेवढाच ओला असेल, तर पाइप किंवा बाथरूम. पावसाळाभर हळूहळू वाढत गेला, पण प्रत्येक सरीबरोबर बदलला नाही, तर हवेतली दमट वाफ भिंतीवर बसते आहे का ते बघा. त्यासाठी एक महिनाभर रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढा आणि त्या दिवशी पाऊस होता की नाही ते लिहून ठेवा. पुढे जे काही वाद होतील त्यात ही वही तुमच्या आवाजापेक्षा जास्त बोलेल.

दुसरी खूण घरच्या घरी मिळते. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर लांब-रुंद तुकडा घ्या. भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि फॉइल चारही बाजूंनी पक्क्या चिकटपट्टीने लावा, हवा आत जाता कामा नये. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव असेल, तर ओल खोलीतल्या हवेतली. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली, तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं आहेत, आणि आपल्या पावसाळ्यात असं बऱ्याचदा होतं. चाचणीचा व्हिडिओ काढा, चिकटपट्टी लावताना आणि सोडवताना. शक्य असेल तर मालकांना समोर बोलवा. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते नंतर नाकारणं कठीण जातं.

छतावर गोल किंवा नकाशासारखा डाग असेल आणि बरोबर वर कोणाचं तरी बाथरूम असेल, तर वरच्यांची मदत लागते आणि तिथेच गाडं अडतं. "आमचं बाथरूम ठणठणीत कोरडं आहे, मागच्याच वर्षी नवीन टाइल्स बसवल्या," असं वरच्या काकू सांगतात आणि त्या खोटं बोलत नसतात. पण जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली असेल, तर खालचं वॉटरप्रूफिंग जुनं ते जुनंच राहतं. अशा वेळी प्लंबरला घेऊन जा. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीचं, तोंड कापड आणि प्लास्टिकने बंद करून बाथरूममध्ये बोटभर पाणी २४ तास साठवून ठेवायला सांगा, त्यात खाण्याचा लाल रंग घालून. रांगोळीचा रंग नको, तो तळाशी बसतो. खाली डाग वाढला किंवा लालसर झाला, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. साठवलेल्या पाण्याने काही झालं नाही, पण ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर ठिबकायला लागलं, तर ट्रॅपचा किंवा ड्रेनेज पाइपचा जोड. बाथरूम बंद ठेवूनही ठिबक चालूच, तर भिंतीत गाडलेला नळाचा पाइप. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आणि खर्चही फार वेगळा. हे न तपासता सगळी फरशी उखडायला सांगितली की वरचे लोक दार लावून घेतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

एसीची भिंत

हे कारण लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सविस्तर सांगते. आमच्याच इमारतीत एका भाडेकरूच्या बाळाच्या पाळण्यामागची भिंत मे महिन्यापासून काळी पडत होती. पाऊस नव्हता, त्या भिंतीत पाइप नव्हता, बाहेरची भिंतही नव्हती. मालकांची खात्री होती की भाडेकरू खोलीत कपडे वाळत घालतात. भाडेकरूंची खात्री होती की मालक पाइपची गळती लपवताहेत. भिंतीला हात लावला तर गार लागली. पलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम, आणि त्यांचा एसी १८ अंशांवर रात्रभर नेमका त्या भिंतीवर वारा मारत होता.

हिशेब सोपा आहे. खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्के आर्द्रता म्हणजे रोजचीच. मधली भिंत चार इंची असली की एसीचा गारवा सहज पलीकडे पोचतो. शिवाय बुरशीला पाण्याचे थेंब दिसायचीही गरज नसते, भिंतीलगतची हवा सतत दमट राहिली तरी तिला पुरतं. शेजाऱ्यांनी एसीचा झोत वळवला आणि तापमान २५ वर ठेवलं, पाळणा आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, आणि भिंत सुकली. ना मालकांचा दोष होता, ना भाडेकरूंचा. पण तोवर वकिलाच्या नोटिशीची भाषा सुरू झाली होती.

कारण सापडलं, आता जबाबदारी

गच्ची, बाहेरची भिंत, सामायिक पाइप आणि डक्टमधली ड्रेनेज लाइन यांतून येणारं पाणी, पावसाचं गळणारं पाणी धरून, सोसायटीने स्वतःच्या खर्चाने थांबवायचं असतं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, तसं स्पष्ट आहे. अडचण एवढीच की सोसायटीचा सभासद मालक असतो, भाडेकरू नाही. भाडेकरूने दिलेल्या पत्रावर कमिटी सहसा काही करत नाही. म्हणून पत्र मालकांनीच द्यायला हवं. घर भाड्याने दिल्याबद्दल मालक सोसायटीला बिनभोगवटा शुल्क भरतात, तेव्हा त्यांनी हक्काने मागावं. भाडेकरूने मालकांना लिहिलेल्या पत्राची प्रत सोसायटीच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" हे कमिटीला म्हणता येत नाही.

वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून आलेली गळती हा संबंधित फ्लॅटधारकांचा खर्च, सोसायटीने त्यात मध्यस्थी करायची. स्वतःच्याच फ्लॅटमधला गाडलेला पाइप, खिडकीच्या कडेचं निघालेलं सिलंट, स्वतःच्या बाथरूमची ओल हा मालकांचा खर्च. भाडेकरूने बसवलेल्या एसीचा निचरा पाइप उलट्या उताराने भिंतीत पाणी सोडत असेल, तर तो भाडेकरूचा.

हवेतल्या ओलीचं काम वाटून घ्यावं लागतं. बाथरूमला एक्झॉस्ट पंखा नसेल, खिडकीची काच जाम झाली असेल, तर ते मालकांनी करून द्यायचं. पंखा असून बंद ठेवणं, धुतलेले कपडे बंद बेडरूममध्ये वाळवणं, कपाट बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवणं हे भाडेकरूने टाळायचं. मशीनमधून एका वेळी काढलेल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. पावसाळ्यात कपडे वाळवायला दुसरी जागा नसते हेही खरं आहे. मग बाल्कनीचं दार उघडं आणि पंखा चालू, एवढं तरी करा.

इमारत नवी असेल तर मालकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. कित्येक गुंतवणूकदार-मालक ही ५ वर्षं भाडेकरूंशी हुज्जत घालण्यात घालवतात आणि सहाव्या वर्षी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवतात. भाडेकरूंनो, ही गोष्ट मालकांच्या कानावर घाला, तुमचंही काम होईल.

"तुम्ही खिडक्या उघडत नाही"

हे वाक्य कधी कधी खरं असतं, पण तपासाआधी ते बोलू नये असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याच्या श्वसनसंस्थेवर परिणाम झाला होता, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती आणि त्यांना रंग मारा असं सांगण्यात आलं होतं. घर देणाऱ्या संस्थेने दोष कुटुंबाच्या राहण्याच्या पद्धतीवर ढकलला होता आणि पुढे तो समज चुकीचा होता हे मान्य केलं. त्या मुलाच्या नावाने झालेल्या तरतुदी तिथल्या सामाजिक गृहनिर्माणाला २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कृती आणि गंभीर ओल-बुरशीची पाहणी १० कामकाजाच्या दिवसांत. आपल्याकडे अशी मुदत नाही. म्हणून मुदत आपणच पत्रात घालायची.

कायदा कुठे साथ देतो, कुठे देत नाही

"मालक दुरुस्ती करत नसेल तर स्वतः करा आणि भाड्यातून कापा" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मधून आला आहे. तिथे किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करायची सोय आहे. पण ती 'भाडेकरू'साठी आहे. आज आपण करतो तो लिव्ह अँड लायसन्स करार तुम्हाला परवानाधारक ठरवतो, त्या कायद्यातला भाडेकरू नाही. तेव्हा करारात तसं कलम नसताना भाडं कापलं किंवा थांबवलं, तर थकबाकीदार तुम्ही ठरता. मुदत संपूनही अडून राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने रक्कम मागता येते. रागाच्या भरात हे करू नका. पागडीच्या जुन्या घरांना कलम १४ लागू होतं, पण तिथलं भाडं इतकं कमी असतं की चौथ्या हिश्श्यात सिमेंटची एक गोणीही येईलच असं नाही. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींचे रहिवासी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे जाऊ शकतात.

परवानाधारकाला आधार आहे तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, परवानाधारकाच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा जो दोष मालकाला माहीत आहे आणि परवानाधारकाला माहीत नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. म्हणून आधीच्या भाडेकरूने केलेली तक्रार इथे फार मोलाची ठरते. वॉचमनला, शेजाऱ्यांना विचारा, जुन्या भाडेकरूचा नंबर मिळवा. "मागच्या पावसाळ्यातही हीच भिंत होती" असा त्यांचा एक मेसेज मिळाला, तर "आधी कधी त्रास नव्हता" हे वाक्य तिथेच संपतं.

लेखी कळवा, आणि असं कळवा

फोनवर झालेलं बोलणं पुरावा म्हणून उरत नाही. ई-मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर लहान आणि थंड डोक्याचा असू द्या:

"आपल्यातील नोंदणीकृत करारानुसार मी सदर फ्लॅटमध्ये राहत आहे. दि. ___ रोजी लहान बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर, खिडकीच्या डाव्या बाजूस सुमारे तीन फूट बाय दोन फूट भागात ओल व बुरशी आढळली. पाऊस झाल्यावर ती वाढते. फॉइल लावून पाहिले असता भिंतीकडील बाजू ओली निघाली. दिनांकासह फोटो व व्हिडिओ सोबत आहेत. कृपया दि. ___ पर्यंत पाहणी करावी आणि सभासद या नात्याने संस्थेस पत्र द्यावे. पाहणीसाठी रविवारी सकाळी मी घरी आहे. दरम्यान कपाट भिंतीपासून दूर केले असून खोलीत हवा खेळती ठेवली आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही तुमच्या बाजूने काय केलंत ते नोंदवलं की दोष तुमच्यावर ढकलणं अवघड होतं. मालकांनाही एक विनंती: अशा पत्राला आठवडाभरात दोन ओळींचं उत्तर द्या, "पाहायला येतो" एवढं जरी लिहिलंत तरी निम्मा ताण जातो.

दुरुस्ती होईपर्यंत

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, तिचे कण खोलीभर उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या आणि भिंत पंख्याने सुकवा. ब्लीचिंगचं पाणी आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना त्या खोलीत झोपवू नका. मऊ पडलेलं जिप्सम किंवा पीओपी पुसून काही उपयोग नाही, ते खरवडूनच काढावं लागतं.

ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. पोपडे धरतात आणि दोन महिन्यांत डाग पुन्हा वर येतो. आधी गळती बंद करायची, मग भिंत पूर्ण सुकू द्यायची, त्याला काही आठवडे लागतात, मग गिलावा, पुट्टी आणि शेवटी रंग.

इथे मला वेळापत्रकाबद्दल कळकळीने सांगायचं आहे. गळती दिसते जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेरच्या भिंतीचं काम होतं पावसाळ्यानंतर, आणि सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे ऑगस्टमध्ये मालकांचं पत्र आलं, तर विषय सभेत येतो, खर्चाला मंजुरी मिळते आणि दिवाळीनंतर परांची बांधली जाते. तेच पत्र नोव्हेंबरात आलं, तर डाग सुकलेला असतो, कोणाला काही दिसत नाही आणि वर्ष वाया जातं. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवालही मागा. तुमच्याच भिंतीची भेग त्यात आधीपासून नोंदलेली असू शकते.

पुढच्या करारात

जमलं तर घर पावसाळ्यात बघा. न जमल्यास कपाटाच्या मागे टॉर्च मारा, सिंकखालच्या कपाटात नाक घाला, खिडकीखालच्या भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. राहायला जाण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना ई-मेल करा.

करारात दोन-तीन ओळी वाढवायला एजंट कुरकुर करतो, पण वाढवून घ्या: गळती व ओलीची दुरुस्ती मालक लेखी सूचनेपासून ठरावीक दिवसांत सुरू करतील, न केल्यास परवानाधारकाला लॉक-इनचा (ठरलेल्या किमान मुदतीआधी घर सोडल्याचा) दंड न भरता एक महिन्याच्या सूचनेने घर सोडता येईल, गळतीमुळे खराब झालेल्या भिंतींचा रंगखर्च डिपॉझिटमधून वळता होणार नाही. वाटणी कशी करावी याचा नमुना हवा असेल, तर केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचं परिशिष्ट बघा. त्यात संरचनात्मक दुरुस्ती, भिंतींची सफेदी आणि पाइप बदलणं मालकाकडे दिलं आहे, तर नळाचे वॉशर आणि नाल्यांची सफाई भाडेकरूकडे. करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकांची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

एवढं करूनही डिपॉझिट अडलं, तर थेट दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही, समोरच्याला बोलावणं जातं आणि मध्यस्थासमोर बसून बोलता येतं. जाताना फोटोंची वही, फॉइलचा व्हिडिओ, पत्राची पोच आणि राहायला येतानाचा ई-मेल एकाच फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावून न्या.